बल्ब सगळ्यात शेवटी

इंजीन चालू, डिपर लावलेला, आणि उजव्या हेडलाइटच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने खुपसलेल्या मल्टीमीटरच्या दोन सुया. आकडा आला 11.6. मेस्त्रींनी त्याच सुया बॅटरीच्या दोन टोकांना लावल्या. तिथे 14.1. "अडीच व्होल्ट वाटेतच खाल्ले," ते म्हणाले, आणि डाव्या दिव्याकडे वळले.

हेडलाइट मंद झाली की माणूस थेट बल्बच्या दुकानात जातो. चिपळूणच्या या गॅरेजात बसलो असताना जो येई तो बल्बच मागत होता. कुणाला पॉवरचे हवेत, कुणाला पांढरा उजेड हवा, कुणाला एलईडी बसवून हवी. मेस्त्री कुणालाच लगेच हो म्हणत नव्हते. त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी मल्टीमीटर, मग अर्थिंग, मग वायर आणि होल्डर, मग काच. बल्बचा नंबर सगळ्यात शेवटी. माझी जुनी हॅचबॅक कुंभार्ली घाटातून रात्री-अपरात्री कराडला जाते, आणि समोरून ट्रक येऊन गेला की पुढचं वळण काही क्षण अंदाजानेच घ्यावं लागतं. म्हणून हा क्रम मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहून बघायचा होता.

अडीच व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. चौदातले अडीच गेले, म्हणजे उजेडही सहाव्या हिश्शाने कमी, असा आपला हिशोब. तो चुकतो. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ 3.4 व्या घाताने बदलतो. दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेडातले तीस टक्के जातात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एच-4 जातीचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात अप्परची तार 60 वॉटची आणि डिपरची 55 वॉटची. या बल्बचा प्रमाण उजेड 13.2 व्होल्टवर मोजतात. अप्परला सुमारे 1650 ल्यूमेन, डिपरला सुमारे 1000. माझ्या उजव्या दिव्याला मिळत होते 11.6 व्होल्ट, म्हणजे डिपरच्या हजार ल्यूमेनपैकी उरले होते जेमतेम साडेसहाशे. उरलेला उजेड पिवळट, तांबूस. तार पुरेशी तापत नसेल तर तिचा रंगही बदलतो. पिवळा पडलेला दिवा बघून लोक पांढऱ्या बल्बची मागणी करतात ती यामुळेच.

आता हे अडीच व्होल्ट नेमके कुठे गेले ते शोधायचं. पद्धत सोपी आहे, पण ती दिवा चालू ठेवूनच करायची असते. दिवा बंद असला की करंट वाहत नाही, आणि कुजलेली वायरसुद्धा पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. कित्येक ठिकाणी नुसता टेस्ट लॅम्प टेकवून "करंट येतोय, वायरिंग बरोबर आहे" असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवतात. टेस्ट लॅम्प करंट घेतो अगदी थोडा. हेडलाइटला लागणारे चार-साडेचार अँपिअर त्याच वायरीतून जायला लागले की खरी परीक्षा होते. मेस्त्रींनी एक सुई बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बल्बच्या प्लस पिनेला लावली. 1.4 आले. मग बल्बची अर्थ पिन आणि बॅटरीचं मायनस. 1.1. दोन्ही मिळून अडीच. हिशोब जुळला. "टाकी भरलेली आहे काका, पाइपात गाळ बसलाय," ते म्हणाले. प्रत्येक बाजूला अर्धा व्होल्ट ही त्यांची सहनशक्तीची हद्द. त्याच्या वर गेलं की तिथे हात घालायचाच.

पहिला हात अर्थिंगला. हेडलाइटच्या मागे, बॉडीच्या पत्र्यावर एक बोल्ट असतो आणि त्याखाली काळ्या वायरीचं थिंबल दाबलेलं असतं. वायरिंगमधला हा सगळ्यात दुर्लक्षित बोल्ट. कोकणातली हवा दमट, किनाऱ्याकडे गेलं तर खारी, आणि चार महिने पुढच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट तिथेच. मेस्त्रींनी बोल्ट सोडवला तर थिंबलच्या खाली पत्रा तपकिरी आणि तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर. "कार्बन धरलाय," असं इथले लोक म्हणतात, मग तो गंज असो की तांब्याचा क्षार. खराब अर्थिंगची खूण त्यांनी मला आधीच दाखवली होती. इंडिकेटर लावला की त्याच्या ठेक्यावर त्या बाजूची हेडलाइट किंचित लुकलुकत होती. दोघांची परतीची वाट एकच, आणि ती अरुंद झालेली.

अर्थिंगबद्दलचा त्यांचा हा आग्रह 2021 च्या पुरानंतरचा. त्या जुलैत वाशिष्ठी शहरात शिरली, गाड्या छतापर्यंत बुडाल्या. गाळ धुऊन, सीट वाळवून, इंजीन खोलून गाड्या रस्त्यावर आल्या. पण कपलरच्या आत शिरलेला चिखल आणि वायरीच्या आवरणाखाली ओढलं गेलेलं पाणी तसंच राहिलं. पुढे दोन-दोन पावसाळ्यांनंतर त्या गाड्या दिवे मंद, हॉर्न बसका, पॉवर विंडो सुस्त अशा तक्रारी घेऊन येत राहिल्या. वायर बाहेरून काळी कुळकुळीत दिसते, चाकूने सोलली की आतलं तांबं काळं पडलेलं. अशी वायर सोल्डर धरत नाही. लखलखीत तांबं लागेपर्यंत ती मागे कापत जावं लागतं.

माझ्या गाडीचं थिंबल कापून टाकलं. नवं दाबून बसवलं, वर सोल्डर केलं. बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, आणि मग त्यावर ग्रीसचा थर. हा क्रम महत्त्वाचा. आधी धातूला धातू घट्ट भिडला पाहिजे, ग्रीस नंतर, बाहेरून, पाणी अडवायला. एवढं करून पुन्हा मोजलं. 1.1 च्या जागी 0.1. खर्च म्हणाल तर थिंबल, वॉशर आणि बोटभर ग्रीस.

प्लसची बाजू जास्त गुंतागुंतीची. जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीपासून निघून फ्यूज बॉक्सात, तिथून स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये आणि तिथून परत पुढे दिव्याकडे येतो. इतक्या लांबच्या वाटेला वायर मात्र बारीक. वाटेतला प्रत्येक जोड, प्रत्येक कपलर आपला वाटा कापून घेतो. आणि शेवटी बल्बचा होल्डर. मेस्त्रींनी तीन पिनांचं ते प्लॅस्टिक ओढून काढलं तेव्हा डिपरच्या पिनेभोवती ते तपकिरी होऊन फुगलं होतं, आतली पत्री सैल झाली होती. सैल पत्री तापते, तापली की आणखी सैल होते. 1.4 व्होल्ट आणि साडेचार अँपिअर, म्हणजे सहा वॉटहून जास्त उष्णता, दिव्यात न जाता वायर आणि प्लॅस्टिक भाजत होती.

यावरचा इलाज रिले. हेडलाइटच्या कामातली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, असं माझं मत झालं आहे. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरून जाड वायर थेट बल्बला. जुनी बारीक वायर फक्त 85 आणि 86 या पिनांवर, रिलेच्या कॉइलला जागं करण्यापुरती. कॉइलला लागतो अँपिअरचा एखाद-दुसरा दशांश. स्विचवरचा भार उतरतो, दिव्याला बॅटरीचा पूर्ण जोर मिळतो. डिपरला एक रिले, अप्परला एक. होल्डर सिरॅमिकचा. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारं कुणी नाही. मेस्त्रींनी वायर रेडिएटरच्या वरून नेताना तिच्यावर नळी चढवली, जागोजागी टाय बांधले आणि रिलेची तोंडं खाली केली, म्हणजे पाणी साचणार नाही. तयार किट बाजारात मिळतं, पण त्यातली वायर कित्येकदा जाड दिसते ती आवरणामुळे. आतलं तांबं किती ते टोक सोलून पाहायचं.

पुन्हा इंजीन चालू, डिपर, सुया. 13.6. तोच जुना बल्ब, आणि हिशोबाने उजेड आधीच्या 1.7 पट. गॅरेजच्या मागच्या भिंतीवर तो फरक सांगायला मल्टीमीटरची गरज नव्हती.

मग काच. आपण काच म्हणतो, पण आता ते पॉलिकार्बोनेट असतं. अँबेसिडरच्या सात इंची गोल दिव्यांना खरी काच होती, ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. पॉलिकार्बोनेट दगड झेलतं, हलकं असतं, हव्या त्या आकारात ओतता येतं. फक्त उन्हातल्या अतिनील किरणांपुढे ते टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर पारदर्शक संरक्षक थर देतात. काही वर्षांत तो थर झिजतो, तडकतो, आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं, धुरकट होतं. हा धूसरपणा दुहेरी मारतो. काही उजेड आत अडतो, आणि जो बाहेर येतो तो विखुरतो. म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातं.

टूथपेस्ट लावून काच घासायचा उपाय सगळीकडे ऐकू येतो. काच चमकते खरी, पण थोड्याच दिवसांत पुन्हा धुरकटते, कारण जुना थर अर्धवट उरलेला असतो आणि नवा दिलेला नसतो. नीट काम असं होतं. दिव्याभोवतीच्या रंगाला मास्किंग टेप. मग वॉटर पेपर, सतत पाणी मारत, आधी 800 किंवा 1000 नंबरचा, मग 1500, 2000, शेवटी 3000. पहिल्या पेपरला पिवळं पाणी ओघळतं. ते पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही, नाहीतर जुन्या थराचे डाग वरच्या पॉलिशमधून दिसत राहतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे उरले का ते कळतं. या टप्प्यावर दिवा पूर्ण दुधाळ दिसतो आणि गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. मग कंपाउंड आणि बफ, आणि दुधातून आरपार दिसायला लागतं. पण काम इथे संपत नाही. अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला नाही, तर उघडं प्लॅस्टिक काही महिन्यांत पहिल्यापेक्षा लवकर पिवळं होतं. बहुतेक ठिकाणी नेमका हाच थर वगळतात, कारण गिऱ्हाइकाला गाडी घेऊन जाताना फरक दिसत नाही. तो मारलाय का, कोणता मारलाय, हे विचारून घ्या.

एका ठिकाणी मात्र हात चालत नाही, आणि ते म्हणजे रिफ्लेक्टर. आतली चकाकी ही निर्वात पेटीत चढवलेली अॅल्युमिनियमची अतिशय पातळ वाफ असते. ती काळवंडली किंवा सोलली तर फडक्याने पुसून परत येत नाही, पुसली की उरलीसुरली जाते. तशा दिव्यात कितीही महाग बल्ब घाला, पैसे वाया. पूर्ण हेडलाइटच बदलावी लागते. रिफ्लेक्टर मरतो बहुधा ओलाव्याने, आणि ओलावा शिरतो मागची रबरी टोपी फाटलेली किंवा हरवलेली असल्यामुळे. माझ्या गाडीची डावी टोपी तडकली होती, ती बदलली.

एवढं झाल्यावर बल्ब. जुना बल्ब मेस्त्रींनी उजेडात धरून दाखवला. नळीचं टोक राखाडी झालं होतं. हॅलोजन बल्बमध्ये तारेतून उडालेलं टंगस्टन आतल्या ब्रोमीन किंवा आयोडीनशी संयोग पावून पुन्हा तारेवरच येऊन बसतं, म्हणून नळी साध्या बल्बसारखी काळी होत नाही. पण वर्षानुवर्षं कमी व्होल्टेजवर जळलेल्या बल्बची नळी पुरेशी तापत नाही आणि हे चक्र अडखळतं. तेव्हा जोडी बदलायची, एकच बल्ब नाही, नाहीतर दोन बाजूंचे दोन रंग रस्त्यावर दिसतात.

आता निवड. 100/90 वॉटचे बल्ब अजूनही सर्रास मिळतात आणि घाटावर जाणारे मोठ्या हौसेने घेतात. दोन बल्ब मिळून अप्परला दहा अँपिअर लागत असतील तर यांना सतरा लागतात. मूळच्या बारीक वायरीत ते घातले की वाटेतली गळतीही त्याच प्रमाणात वाढते, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर भाजतो. ज्या गाडीत दिवे आधीच मंद आहेत तिथे हे आगीला आमंत्रण आहे. निळसर नळीचे "झेनॉन व्हाइट" नावाचे बल्ब हा दुसरा मोह. हॅलोजनच्या उजेडाचं तापमान 3200 केल्विनच्या आसपास असतं. त्याला पांढरं दाखवायला नळीवर निळा थर देतात, आणि तो थर पिवळा-लाल उजेड अडवूनच पांढरेपणा आणतो. म्हणजे दिसायला झगमगाट, रस्त्यावर कमी उजेड. पावसात ओल्या डांबरावर तर हे लगेच जाणवतं.

60/55 वॉटमध्येच "शंभर टक्के जास्त" वगैरे लिहिलेले बल्ब मिळतात. त्यांत तथ्य आहे, पण त्या आकड्याएवढं नाही. त्यांची तार जास्त अचूक जागी असते, वायूचा दाब जास्त असतो, त्यामुळे झोताचा मधला भाग उजळतो. एकूण उजेड दुप्पट होत नाही. आणि तार जास्त तापवल्याची किंमत आयुष्यात मोजावी लागते. ज्याला रात्रीचं अंतर फार आहे आणि वर्ष-दोन वर्षांनी बल्ब बदलायची तयारी आहे त्याने ते जरूर घ्यावेत. मी साधे 60/55 घेतले. बुडाच्या धातूवर एच-4, 12 व्होल्ट, 60/55 वॉट आणि गोलातला ई व त्याच्या शेजारचा आकडा कोरलेला आहे ना, ते पाहून. नामांकित खोक्यातल्या नकला भरपूर आहेत. नळीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल तापलेल्या क्वार्ट्झवर डाग भाजतं आणि नळी तिथेच तडकते.

एलईडीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. कारखान्यातूनच एलईडी हेडलाइट घेऊन आलेल्या गाडीचा प्रश्न नाही, तिचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्या चिपसाठीच घडवलेलं असतं. वाद हॅलोजनच्या दिव्यात खुपसलेल्या एलईडी बल्बचा आहे. एच-4 च्या डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती उजेडाला रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडू देते, आणि त्यामुळेच समोर वर अंधार, खाली उजेड अशी स्वच्छ रेघ उमटते. तार बारीक आणि चहूबाजूंनी उजळणारी. एलईडीच्या चिपा दोन सपाट बाजूंवर बसवलेल्या, त्यांच्या मध्ये जाडी. तारेची जागा त्यांना हुबेहूब घेता येत नाही. रेघ विस्कटते, उजेड वर फुटतो. चालकाला गाडीच्या नाकासमोर झगझगीत पांढरं दिसतं आणि तो खूश होतो, पण त्या झगझगाटाने डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं आणखी अंधारात जातं. मागचा पंखा मावत नाही म्हणून रबरी टोपी काढून टाकतात, पाणी शिरतं, रिफ्लेक्टर जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 वा नियम सांगतो की झोत कायम खाली वळवलेला असावा. 8 मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर सरकून, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे चालत्या माणसाचे डोळे. सायकलवरून दूध घेऊन निघालेल्या माणसाचे आणि दुचाकीवरच्या बाईचे डोळेही त्याच्याच आसपास.

शेवटचं काम सेटिंगचं, आणि मंद दिव्याच्या कित्येक तक्रारी खरं तर इथल्याच असतात. गॅरेजच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ आहे. गाडी सपाट जागी 10 मीटरवर, चारही टायरांत हवा बरोबर, चालक सीटवर, डॅशबोर्डवरचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर. डिपरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटीमीटर खाली पडली पाहिजे, आणि डावीकडे ती किंचित चढती हवी, कारण आपण डावीकडून चालतो आणि कडेचा माणूस, कठडा, गाय तिकडे असते. दिव्याची उंची 65 सेंटीमीटर धरली, तर या हिशोबाने उजेड 65 मीटरवर रस्त्याला टेकतो. माझा उजवा दिवा 20 सेंटीमीटर खाली होता, म्हणजे तो जेमतेम 32 मीटरवर संपत होता. ताशी 60 च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर प्रतिक्रियेसकट थांबायला 45 मीटर लागतात. बल्ब कितीही चांगला असता, तरी त्याच्या उजेडात मला थांबता आलं नसतं. मेस्त्रींनी स्क्रू फिरवत कड रेघेवर आणली आणि प्रत्येक वेळी पुढचा बंपर दाबून, सस्पेन्शन हलवून, पुन्हा बघितलं.

ते लेव्हलिंगचं चाक बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. गणपतीला मुंबईहून निघालेल्या गाडीत मागे तीन माणसं आणि डिकीत सामान ठासून भरलेलं असतं. गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं, आणि डिपर लावलेला असूनही समोरच्याला तो अप्पर वाटतो. मग तो चिडून अप्पर मारतो, हा परत मारतो. भरल्या गाडीत ते चाक दोन-तीन घरं वाढवायचं आणि रिकामी झाली की शून्यावर आणायचं. आणि घाटात धुकं असेल तर अप्पर नकोच, तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

दिवे कमी वाटत असतील तर बल्बच्या दुकानात जाण्याआधी एवढं करा. काच पुसून उन्हात बघा, गाडी भिंतीसमोर उभी करून कड कुठे पडते ते पाहा, आणि कुठल्याही वायरमनला इंजीन व दिवा चालू ठेवून बल्बच्या पिनेवर मल्टीमीटर लावायला सांगा. आकडा तेराच्या खाली असेल तर आधी अर्थिंग उघडायला लावा. तुमच्या देखत.